हाताने फिरणारे चार नट

धाटावच्या दुकानात दोन डिझेल फिल्टर हातात घेऊन उभा होतो, तेव्हा बाळारामच्या बायकोचा, शकूवहिनींचा फोन आला. "भावजी, तुमचे मिस्त्री गेले वो... चा पिता पिता." दुकानदाराने विचारलं, पिशवी देऊ का? मी म्हटलं, दे. दोन्ही फिल्टर बाळारामसाठीच घेतले होते. महिना झाला, पिशवी वरसेतल्या माझ्या घरी खुंटीला तशीच आहे.

बाळाराम मिस्त्री पेणच्या खाडीकाठचा, मिठागरात वाढलेला. अंगाने इतका सडपातळ, की तो आडवा उभा राहिला तर ऊनसुद्धा गोंधळायचं. खाडीतली निम्मी इंजिनं त्याचा नुसता खोकला ऐकून सुरू होत. यातलं थोडं मी वाढवून सांगतो हे मान्य. पण फार नाही. माझ्या लाँचच्या इंजिनामागे तो शिरला की वर फक्त चपला उरायच्या, आणि आतून बेसूर भजन. गावातल्या कुत्र्यांनाही ते भजन पाठ होतं.

माझी लाँच दोन इंजिनांची. त्या काळी आमच्या पट्ट्यात दोन इंजिनांचा मालक म्हणजे मीच, आणि हे मी भेटेल त्याला सांगत असे. इंजिनं बसवायला बाळारामला बोलावलं. त्याने ना रंग पाहिला, ना सागवानी डेक. इंजिनं बंदरावरच ठेवायला लावली आणि जिथे ती बसायची त्या रिकाम्या जागेत, हातात पाना घेऊन, स्वतः जाऊन निजला. आधी उजव्या बाजूला, मग डाव्या. "आधी मानूस मावतो का बगू, मग मशीन." कुठल्याही बोटीत त्याची हीच रीत. अर्ध्या तासाने उठला. माझा संशय आहे की त्याने मधे एक डुलकीही काढली.

उठून म्हणाला, "शेठ, दोनी इंजिनं सारखीच. उजव्याचा फिल्टर मधल्या वाटेला येतो, डाव्याचा फळीकडं. जुळी पोरं निजवलीस, एकाचं तोंड भिंतीला. त्याचं नाक कसं पुसायचं?" मी म्हटलं, तूच बघ. त्याने बघितलं. लाँचच्या पूजेला चार दिवस झाले नव्हते, तोवर माझ्या चकचकीत डेकला, डाव्या कडेला, त्या फिल्टरच्या बरोबर वर, करवतीने चौकोनी भोक. वर झाकण. मी आठ दिवस त्याच्याशी बोललो नाही. नवव्या दिवशी त्या झाकणावर सनमायका लावलेलं झकास बाकडं आणून ठेवलं आणि वीतभर लांबीचे चार स्क्रू माझ्या हाताने आवळले. बाळारामने बाकड्याकडे पाहिलं, मान डोलावली. मला वाटलं, हरला.

पुढच्याच भाद्रपदात, हरतालिकेच्या दिवशी, पलीकडच्या गावाचा रस्ता पाण्याखाली गेला. हमरापूरहून आणलेले गणपती माझ्या लाँचमधून न्यायचे ठरले. बावीस माणसं, प्रत्येकाच्या मांडीवर शाडूची मूर्ती, तोंडावर रुमाल. शाडूला पाणी लागलं की चिखल, आणि उद्या चतुर्थी. मी सुकाणूवर, बाळाराम खाली. मध्यावर एक जुनं जाळं उजव्या पंख्यात गुंतलं, इंजिन गप्प. म्हटलं, असू दे, दुसरं आहे. तेवढ्यात डावंही दोनदा खाकरलं आणि बंद पडलं. कचरा अडकला होता, त्याच फळीकडच्या फिल्टरात.

ओहोटी लागलेली. बोट आडवी होऊन पुलाच्या खांबांकडे सरकू लागली. नांगर टाकला, तर तो गाळात लोण्यात सुरी फिरावी तसा घसरत आला. खांब जवळ यायला लागले. बाळाराम वर आला आणि थेट बाकड्यापाशी गेला. तिथे धोंडीआजी बसलेली, मांडीवर गणपती.

"ऊठ गो आजी, देवाला घेऊन ऊठ."

"उठून काय करू? शेठनं बाकडं ठोकलंय, जन्मात निघायचं नाय," आजी म्हणाली. सगळ्या बोटीला माझं बाकडं ठाऊक होतं.

बाळाराम खाली वाकला. चार कोपऱ्यांत, चार वेळा, चिमटीने काहीतरी फिरवलं आणि बाकडं उचलून माझ्या हातात दिलं. स्क्रूंच्या जागी बोल्ट होते, आणि त्यांवर हाताने फिरणारे पंखाचे नट. झाकण उघडून तो डोकं खाली, पाय वर असा आत गेला. जादाचा फिल्टर त्याने फळीला सुतळीने आधीच बांधून ठेवला होता. डोळे मिटून हात जाईल अशा जागी. फिल्टर बदलला, डिझेलच्या नळीतली हवा काढली. तेवढ्या वेळात आजीने गणपती छातीशी धरून मला जे सुनावलं ते छापता येणार नाही. मग आतून भजन सुरू झालं, आणि त्याच्यामागून इंजिन. खांब हातभर अंतरावरून गेला. मी नेहमी वीतभर सांगतो.

मूर्ती कोरड्या उतरल्या. मी विचारलं, "स्क्रू कधी काढलेस?"

"तू आवळलेस त्याच दिवशी. तू जेवायला गेलतास."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू वेल्डिंग करून घेतलं असतंस."

हे खरं होतं. त्यानंतर मी त्याच्या कामात कधी हात घातला नाही... आणि त्यानेही मला त्या बाकड्यावरून कधी टोचलं नाही. फक्त दर पंधरवड्याला यायचा, चार नटांना बोटभर ग्रीस लावायचा आणि त्याच बाकड्यावर बसून चहा प्यायचा.

शेवटचं भेटलो तेव्हा त्याला दम लागत होता, खाटेवर टेकून बसला होता. मी तब्येत विचारली. त्याने विचारलं, "नट फिरतात?" मी म्हटलं, फिरतात. खरं तर पाहिले नव्हते. तिथून तडक बंदरावर गेलो. फिरत होते, ग्रीस ओलं होतं. असल्या दमात तो कधी येऊन गेला, कोण जाणे.

परवा नवा मिस्त्री आला. मोठा पाना घेऊन बाकड्यापाशी बसला आणि म्हणाला, "शेठ, हे ढिले हायत, पक्के करू?"

"पाना ठेव," मी म्हटलं. "आधी खाली जाऊन निजून ये."