कानबाईची साक्ष

वकिलीची सनद नुकतीच मिळाली होती, आणि जळगावच्या कोर्टात मी अशा तोऱ्यात फिरायचे की जणू नवं कलम मीच करून आणलंय. नवऱ्यानं किंवा सासरच्यांनी बाईला छळलं तर तो सरळ फौजदारी गुन्हा, हे कायद्यात येऊन दोन-तीनच वर्षं झाली होती. माझे सीनियर म्हणायचे, "कायदा आला हो, पण तोंड उघडणारी बाई कुठून आणाल?" मला त्यांचा राग यायचा.

एरंडोलजवळच्या आमच्या गावी शेजारच्या घरात एक सून होती, विशीतली. तिच्या मनगटाच्या वर उलथण्याच्या पात्याएवढा डाग मी पाणी भरताना पाहिला होता. विचारलं तर तिनं पदर ओढून घेतला. त्या घरातली मारहाण आमच्या भिंतीतून ऐकू यायची, आणि आमच्याकडे कोणीतरी उठून रेडिओ मोठा करायचं. त्यात मीही होते.

श्रावणात त्यांच्याकडे कानबाई, आमची खानदेशातली देवी, बसली. नारळाला डोळे लावलेले, नथ घातलेली, अंगावर हिरवं लुगडं. रविवारी सगळ्या भाऊबंदांचं रोटाचं जेवण झालं. सोमवारी सकाळी आईला, म्हणजे देवीला, नदीवर पोचवायचं म्हणून अंगणात माणसं जमली, डफ वाजू लागला. आणि त्या सुनेच्या अंगात आलं.

घुमणाऱ्या बायका मी लहानपणापासून पाहिल्यात. केस सुटतात, हुंकार येतात, कोणी हळद-कुंकू लावतं. ही मात्र हललीच नाही. डफ थांबला तरी ती उभीच. डोळ्यांची पापणी लवत नव्हती. मग तिनं नवऱ्याचं नाव घेतलं. लग्नाला चार वर्षं झालेली, उखाण्याशिवाय ते नाव तिच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं. आवाज जाड होता, आणि तो तिच्या तोंडातून येतोय असं वाटतच नव्हतं.

"हाई पोर मनी शे," ती म्हणाली, ही पोर माझी आहे. "कोनी भाजा तिना हात?"

नवरा मटकन खाली बसला. सासऱ्यानं टोपी काढून तिच्या पायावर ठेवली. "चुकी गयं माय. आते असं व्हवाव नही." सासूनं खणा-नारळानं ओटी भरली. एकेक करून सगळं अंगण तिच्या पाया पडलं, आणि मीसुद्धा. तिचे पाय बर्फासारखे गार होते, ते मला अजून आठवतं.

आमच्याकडे देवीपुढे कबूल केलं की विषय मिटला. गावाला तसं वाटलं, आणि मी शिकलेली, मलाही तसंच वाटलं. एवढ्या लोकांसमोर कबुली झाली होती. कोणी कोणी ऐकली, ती नावं मी त्याच दिवशी कागदावर उतरवायला हवी होती. मी प्रसाद खात बसले.

बुधवारी मी तक्रारीचा अर्ज लिहून तिच्याकडे गेले. ती भाकरी थापत होती. कागदाकडे तिनं पाहिलंही नाही.

"मी कोठे बोलनू ताई?" ती हळूच म्हणाली. "आई बोलनी. तिनाच अंगठा ल्या."

दिवाळीच्या आत तिचा दुसरा हात भाजला. या वेळी बापानं तिला माहेरी नेलं आणि फिर्याद दिली. तालुक्याच्या कोर्टात खटला उभा राहिला. आता तरी अंगणातली माणसं बोलतील, असं मला वाटलं होतं. ती बोललीही. तिला झटके येतात, झटक्यात चुलीवर पडली, असं एकेकानं शपथेवर सांगितलं. हीच माणसं तिच्या पाया पडली होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

डाग पाहिलेली आणि ती कबुली ऐकलेली साक्षीदार म्हणून मलाही पिंजऱ्यात बोलावलं. समोरच्या वकिलानं एकच गोष्ट विचारली, "त्या सोमवारी ती शुद्धीवर होती का?"

होती म्हणावं, तर तिनं देवीचं सोंग केलं असा अर्थ निघणार, आणि गाव तिला जिवंत सोडणार नाही. नव्हती म्हणावं, तर झटक्यांची गोष्ट खरी ठरणार. मी तिच्याकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून उभी होती, पापणी न लववता माझ्याकडे बघत. कायद्याचं पुस्तक मला पाठ होतं, पण त्या क्षणी मला फक्त ते गार पाय आठवले, आणि मी घाबरले.

"नव्हती," मी म्हणाले.

निकाल लागला, सगळे निर्दोष सुटले. बाहेर लिंबाखाली ती बापाची वाट बघत एकटीच होती. मी तिच्याजवळ गेले. तीच आधी बोलली, तिच्या नेहमीच्या बारीक आवाजात.

"ताई, मी शुद्धीवर व्हतू."