बारा खणांचं घर

परवा नातीनं तिच्या फोनचे ते पांढरे बोळे माझ्या कानात कोंबले. "आजी, जॅझ ऐक. तुला काही आवडायचं नाही." कुणीतरी सॅक्सोफोन वाजवत होतं. आधी एक धून होती, मग वाजवणारा तिच्यातून निघून गेला. मी पायाच्या अंगठ्यानं मोजायला लागले.

"काय करून राहिलीस गं?"

"गप बस. माणूस बाहेर गेलाय. तो परत येईपर्यंत बोलायचं नाही."

हे मोजणं मला लातूरच्या एका मास्तरांनी शिकवलं. त्यांचं बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचं दुकान होतं, टपरीएवढं. लग्नसराईत ते बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचे. तरुणपणी सिकंदराबादच्या छावणीत एका गोवेकर वादकाकडून जॅझ शिकून आलेले. पण लातूरला जॅझ कुणाला पाहिजे? वऱ्हाडाला लागायची ती रुमाल दातात धरून लोळायची नागिणीची धून. मास्तर ती रोज वाजवायचे, डोळे मिटून, काढा प्यायल्यासारखी.

माझ्या माहेरच्या भजनाच्या पेटीचा भाता फाटला म्हणून मी तिथं गेले. लग्नाला दोन वर्षं झालेली, माहेर लातूरचं, सासर नांदेडचं, आणि डोक्यात हवा भाता शिवायच्या आधीपासूनच. दुरुस्त पेटीवर मी ऐटीत एक शिवभजन वाजवून दाखवलं. मास्तर म्हणाले, "बाई, तुमचा हात हलत नाही. मला असाच हात पाहिजे."

मी बया खुलले. हात हलत नव्हता, कारण मला पुढचं येतच नव्हतं.

मास्तरांची अडचण अशी होती. हैदराबादच्या एका मोठ्या हॉटेलात बँड चालवणारे साहेब लातूरजवळच्या मुरुडला एका लग्नाला येणार होते. त्यांना सॅक्सोफोनवाला हवा होता. मास्तरांची पन्नाशी जवळ आलेली, पुन्हा कोण विचारतंय? लग्नात पंगती बसल्या की आपलं एक वाजवायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. पण खाली सूर धरून बसणारं माणूस नव्हतं. त्यांच्या पेटीवाल्याला गाणी यायची, थांबणं यायचं नाही.

"हे बारा खणांचं घर समजा," त्यांनी शिकवलं. "एका खणात चार मात्रा. पहिले चार खण सा, मग दोन म, पुन्हा दोन सा, मग एक प, एक म, शेवटी दोन सा. बारा झाले की परत पहिल्यापासून. मी माडीवर जाईन, परसात जाईन, गल्लीत जाईन. तुमी निस्तं घर सांभाळा."

"आणि तुम्ही परत नाही आलात तर?"

"फिकीर करू नका. मी येतोच. घर जागेवर पाहिजे फक्त."

सांगायला सोपं. ते एकदा निघून गेले, की मी पायाच्या अंगठ्यानं खण मोजत बसायचे. सूर असे तिरपे, अनोळखी व्हायचे, की वाटायचं हा माणूस आता हरवला. अन् बाराव्या खणाला ते दारात उभे. दर वेळी. तरी दर वेळी मी घाबरायचे.

दुसरी भीती अप्पांची. अप्पा म्हणजे माझे सासरे. नांदेडला कापडाचं दुकान, कपाळावर विभूती, आणि बोलणं इतकं कमी की घरातली मांजरंसुद्धा त्यांच्यासमोर पाय वाजू देत नसत. त्यांची सून बँडवाल्यांत बसून पेटी वाजवते, हे कळलं तर? मी घरी सांगितलं, काकूला बघायला माहेरी जाते. खरं फक्त नवऱ्याला माहीत. तो शूर गडी म्हणाला, "अप्पांनी धरलं तर मी तुला ओळखत नाही हां."

मुरुडला भर दुपारी पंगती बसल्या. साहेब पहिल्याच रांगेत. मास्तरांनी सुरुवात केली. दोन घरं झाली, तीन झाली. तिसऱ्यानंतर ते असे काही वर गेले, की वाढपी पळी हातात धरून थांबला. साहेबांनीही घास खाली ठेवला. मी मोजत होते, पाच, सहा, सात. आणि समोरच्या रांगेत विभूती दिसली. अप्पा. थेट माझ्याकडे बघणारे. लग्नाचं कापड त्यांच्याच दुकानातलं होतं, हे मला नंतर कळलं.

मी भाता मिटला. अगदी पेटी चोरून आणल्यासारखा.

खालचा सूर गेला. मास्तर वर एकटेच राहिले. दोनतीन सूर त्यांनी तसेच काढले, माझ्याकडे बघितलं, आणि पटकन लग्नातल्या नेहमीच्या गाण्यावर उतरले. मला कुणी हसू नये म्हणून. साहेबांनी घास उचलला. जेवण झाल्यावर हात पुसून ते मास्तरांकडे न बघता गेले.

परतीच्या एसटीत अप्पा माझ्या शेजारी बसले. अहमदपूर आलं, गेलं. मी मनात माहेरी परत पाठवणीची ट्रंक भरत होते. कुठली लुगडी न्यायची हेही ठरलं. लोहा आलं तेव्हा ते खिडकीकडे बघत म्हणाले,

"सूनबाई, मधीच का बंद केलंस? लई चांगलं चाललं होतं. ते माणूस बिचारं वर लटकलं की."

ओरडले असते तर बरं झालं असतं.

मास्तरांच्या दुकानात मी पुन्हा गेले नाही. भीतीनंच. ते दिसले बऱ्याच वर्षांनी, नांदेडला, वजिराबादच्या रस्त्यावर. दुपारची वरात होती. लाल कोट, गाल आत गेलेले, आणि तीच लोळायची धून. त्यांनी मला ओळखलं. मान जराशी हलवली आणि धुनेतून बाहेर पडले.

नाचणारी पोरं थबकली. "ओ मास्तर! काय झोपले काय? नाचायचं वाजवा की!" नवरदेवाचा मामा तावातावानं त्यांच्याकडे निघाला. आता हा यांना हाकलतोय, असं वाटलं. मी मेथीची पिशवी खाली ठेवली आणि तोंडानंच सा धरला. मोठ्यानं, भर बाजारात. पाचव्या खणाला म. लोक वळून बघायला लागले.

"मावशी, बरं वाटंना का तुमाला?" भाजीवालीनं विचारलं.

मला उत्तर देता येईना, मी नवव्यात होते. ढोलताशात माझा आवाज मास्तरांपर्यंत गेला नसणार. पण बाराव्याला ते परत आले, मामा पोचायच्या आत, आणि पोरं पुन्हा लोळायला लागली. वरात पुढं गेली.

भाजीवालीनं पाण्याचा तांब्या दिला. तो धरताना पाहिलं, माझा हात हलत होता.