जिवंत माणसाला चिरशांती

फिलिपिन्समधल्या गिमारास बेटावरच्या त्या कोळीवस्तीत कुणी आजारी पडलं की डॉक्टरच्या आधी तिकाला बोलावणं जायचं. तिचं खरं नाव एस्कोलास्तिका, पण एवढं लांबलचक नाव घ्यायला वेळ कुणाला? धाकटे तिला मनांग म्हणत, म्हणजे थोरली बहीण, आणि बरोबरीच्या बायका नुसतंच तिका. लग्न तिनं केलं नाही. सकाळी बाजारात सुकी मासळी विकायची आणि संध्याकाळी लोकांच्या घरी प्रार्थना सांगायची, एवढाच तिचा संसार. पाद्रीबाबा पलीकडच्या गावातून कधीतरी उगवायचे, मधल्या काळात देवाशी बोलायचं काम तिकाचं. बाळंतीण अडली, बोलवा तिकाला. होडी परतली नाही, बोलवा तिकाला. आणि माणूस गेला की त्याच्या घरी नऊ संध्याकाळी जपमाळ व्हायची, तिथंही पुढं बसणार तिकाच.

"देवाचे कान किटले असतील गं तुझ्या आवाजानं," शेजारची बेबांग म्हणायची.

"किटू देत की! किटले म्हणजे ऐकतोय तरी."

प्रार्थनेचं पुस्तक ती हातात धरायची, पण उघडायची नाही. सगळं तोंडपाठ. डोळे मिटले की शब्द आपोआप बाहेर यायचे, आणि या गोष्टीचा तिला गर्व होता. हो, चांगला भरभक्कम गर्व होता, उगाच कशाला लपवायचं?

संतो तिचा पाठचा भाऊ. आई लवकर गेली, त्याला हिनंच भरवलं, हिनंच बदडलं, हिनंच लग्न लावून दिलं. आता त्याची मूत्रपिंडं निकामी झाली होती. दर दोन-तीन दिवसांनी होडीत बसून शहरात जायचं, मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं आणि पिळलेल्या फडक्यासारखं परत यायचं. या खर्चापायी घरातली म्हैस विकली गेली, होडीचं इंजिन गेलं. पोरगी नर्सिंगचं शिक्षण सोडून मनिलाला कुणाची तरी मुलं सांभाळायला गेली. संतोची बायको लुदी कुणाजवळ रडली नाही, फक्त तिचं बोलणं कमी कमी होत गेलं.

त्या वस्तीत मरियामातेची मूर्ती घरोघरी फिरते. एका घरी काही दिवस मुक्काम, रोज संध्याकाळी जपमाळ, मग पुढचं घर. संतोच्या घराची पाळी आली तेव्हा लुदीनं बऱ्याच दिवसांनी केस नीट बांधले. नारळाच्या दुधातला चिकट भात पानात गुंडाळून इबोस केले. संतोची खाट त्याच खोलीत पडद्यामागं होती.

"पडदा सरकवू का रे?" तिकानं विचारलं.

"राहू दे मनांग. माझं थोबाड बघून मूर्ती पळून जायची."

सगळे हसले. माणसं दाटीवाटीनं बसली, मेणबत्ती लागली, तिकानं डोळे मिटले आणि जपमाळ सुरू झाली. आवाज छान लागला होता. त्या महिन्यात वस्तीत मरणांची रांग लागली होती. एका घरची नऊ दिवसांची प्रार्थना संपते न संपते तोच दुसरं घर. रोज तेच शब्द, त्याच क्रमानं. शेवटचा मणी बोटांतून सुटला आणि तिकाच्या तोंडून खणखणीत निघालं,

"हे प्रभू, संतोला चिरशांती दे!"

आणि सवयीचे गुलाम सगळे! अख्खी खोली एका सुरात म्हणाली, "आणि अखंड प्रकाश त्याच्यावर पडो."

मग कुणीतरी श्वास आत ओढला. तिकानं डोळे उघडले. सगळे तिच्याकडे बघत होते. पडद्यामागून खोकल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ संतोचा.

"आमेन."

"अगं बाई तिका," बेबांग घाबरून खिदळली, "अजून जिवंत आहे ना गं तो!"

लुदी ताट घेऊन उठली आणि रीतीप्रमाणं एकेकाच्या हातावर इबोस ठेवत गेली. बेबांगला दिला, बेबांगच्या नवऱ्याला दिला, दारातल्या म्हाताऱ्याला दिला. तिकानं हात पुढं केला होता. लुदी तिला ओलांडून पुढं गेली. तो रिकामा हात मागं कसा घ्यावा हेच तिकाला कळेना. धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

जीभ घसरली, दमली होती बिचारी, असं वस्तीतले चार भले लोक म्हणाले. बाकीचे म्हणाले, तिनं नाव घेतलं की माणूस जातो. एका घरी बाळाला ताप होता, तिथल्या आजीनं तिला दारातूनच सांगितलं, "आज नको, मनांग." मूर्ती पुढच्या घरी गेली आणि जपमाळ सांगायला बेबांग बसली. ती मध्येच मणी विसरली आणि लोक मनातल्या मनात तिकाला आठवत राहिले, पण बोलवायला कुणी आलं नाही. आलं असतं तरी ती गेली नसती. मासळी विकतानाही ती मान वर करत नव्हती.

कारण जीभ उगाच घसरली नव्हती, हे तिचं तिला ठाऊक होतं. काही दिवसांपूर्वी, चर्चमध्ये कुणी नसताना, तिनं गुडघे टेकून मागितलं होतं, "प्रभू, पुरे झालं. ने आता त्याला. लुदी तरी सुटेल." वस्तीतल्या परक्या पोरांसाठी घसा फोडून आयुष्य मागणारी ही बाई, स्वतःच्या भावासाठी तिनं हे मागितलं होतं. आणि तेच त्याच्याच खोलीत बसून, मूर्तीसमोर, मोठ्यानं म्हणून मोकळी झाली होती. लाजेनं तिला जेवण जाईना.

एका दुपारी बेबांग आली.

"चल ऊठ. भाऊ बोलावतोय. म्हणतो, तुझी चिरशांती माझ्याकडे राहिलीय, परत घेऊन जा."

"मी नाही येत."

"मग तूच जाऊन सांग त्याला. मी काय टपालवाली आहे?"

तिका सवयीनं पुस्तक हातात घेऊन गेली. लुदी चुलीपाशी पाठ करून बसली होती, वळली नाही. तिका खाटेशेजारी जमिनीवर टेकली. संतोच्या पायांवर सूज चढली होती.

"चुकलं रे माझं," ती म्हणाली.

"जीभच आहे, घसरते."

"नाही घसरली. मी खरंच मागितलं होतं देवाकडे. तुला नेण्याचं. तुझे हाल बघवत नव्हते, हिचे बघवत नव्हते. वाटलं, तुलाही तेच हवं असेल."

चुलीपाशी पळी थांबली. संतोनं मान तिच्याकडे वळवली.

"मनांग, तू साऱ्या वस्तीसाठी मागतेस. कधी मला विचारलंस, मला काय हवंय?"

तिकाची मान आणखी खाली गेली.

"मला मरायचं नाही गं," संतो हलकेच म्हणाला. "मशीन नको वाटतं, पाणी मोजून प्यायचं नको वाटतं, हिच्यावर ओझं झालोय ते तर मुळीच नको वाटतं. पण मरायचं नाही. गेल्यावर ती ओळ तूच म्हण, त्या बेबांगला बसवू नका, ती मला भलत्याच ठिकाणी पोचवेल. पण आत्ता नाही."

"मग काय मागू? सांग ना. सांगशील ते मागते."

त्यानं विचार केला. "उद्या सकाळी भूक लागू दे. किती दिवसांत लागली नाही. एवढंच माग."

तिकानं डोळे मिटले, ओठ उघडले, आणि काहीच आलं नाही. दुखण्याची प्रार्थना होती, वादळाची होती, हरवलेल्या होडीची होती, मरणाची तर होतीच. भुकेची नव्हती. भावाची भूक आपल्याला इतके दिवस सुचलीही नाही! तिला त्याच्याकडे बघवेना. तिनं डोळे उघडले, हातातलं पुस्तक खाली ठेवलं आणि अडखळत, लहान पोरीसारखी म्हणाली,

"प्रभू, उद्या सकाळी माझ्या भावाला भूक लागू दे."

संतो काही म्हणायच्या आत चुलीकडून आवाज आला, रागावलेला, रडवेला, कितीतरी दिवसांनी मोठा झालेला.

"आमेन," लुदी म्हणाली, आणि उद्यासाठी तांदूळ निवडायला बसली.