गंगाक्काचं जर्मन

माझ्या थोरल्या जाऊबाई गंगाबाई यांना तंजावरच्या टेलिफोन खात्यातले जुने लोक अजून ओळखतात. ट्रंक कॉलच्या जमान्यात बाईंनी कानाला यंत्र लावून उभी हयात काढली. तमिळ, इंग्रजी, तेलुगू, मलयाळम, मोडकीतोडकी हिंदी, ज्याला जी हवी ती. मदुरैचा कापडवाला असो की कलकत्त्याचा सरदारजी, दोघांची गाठ घालून द्यायची आणि आपण बाजूला व्हायचं. "लोकांचं बोलणं जोडून देण्यात माझं आयुष्य गेलं," असं त्या मिरवून सांगायच्या आणि त्यात खोटं काही नव्हतं. खोटं होतं ते पुढचं. "भाषा म्हणजे काय गं वरु, गरज पडली की येते," हेही त्या तेवढ्याच ठसक्यात म्हणायच्या.

मी मूळची साताऱ्याची. लग्न होऊन इथे आले, नाव बदलून वरलक्ष्मी झाले, आणि पहिल्याच सकाळी तोंड उघडलं तर सगळं स्वयंपाकघर हसलं. इथल्या घरांतली मराठी भाषा तंजावरच्या मराठा राजांच्या काळी आली ती उंबऱ्याच्या आतच राहिली. बाहेर तमिळ, आत मराठी. देवनागरी वाचणारं घरात कोणी नाही. त्यांच्या कानाला माझं बोलणं म्हणजे रेडिओवरची बातमी. "अय्यो, ही पुस्तकासारखी बोलते!" म्हणून गंगाक्का डोळे पुसत हसल्या. मी कसली ऐकते! "हसतील त्यांचे दात दिसतील," असं म्हणून मी त्यांच्या 'मजला-तुजला'ची नक्कल करून दाखवली. तेव्हापासून आमचं जमलं. पण मला उलटून बोलायला तोंड होतं, आणि तेही त्यांना कळणाऱ्या भाषेतलं. ते नसतं तर मी त्या सकाळी मुकाट्यानं पोळ्या लाटल्या असत्या आणि जन्मभर लाटतच राहिले असते.

या घरांची एक सवय मात्र मला कधीच आवडली नाही. परकं माणूस समोर असलं की आपसात मराठीत बोलायचं. साडीच्या दुकानात भाव पाडताना ठीक आहे, तिथे मीही बोलते. पण कामवाली पुसत असते, पाहुणा कॉफी पीत असतो, आणि त्याच्या डोक्यावरून यांचं चाललेलं. वाईट काही नसतं हो. कॉफीत साखर कमी पडली, उद्या नारळवाल्याला बोलवायचं, इतकंच. समोरचा बिचारा हसत बसतो, कारण दुसरं करणार काय?

गंगाक्कांना एकच मुलगा, प्रणवेश. वडील लवकर गेले, तेव्हा मायलेकरांचं सगळं एकमेकांशीच. तो इंजिनियर होऊन जर्मनीत ब्रेमेनला गेला आणि तिथल्याच स्वेन्याशी लग्न केलं. स्वेन्या दातांच्या दवाखान्यात काम करते. गोरी, उंच, कमी बोलणारी पोर. नातीच्या जन्माला गंगाक्का तिकडे तीन महिने राहून आल्या. परत आल्यावर मला जो किस्सा त्यांनी विनोद म्हणून सांगितला, तो ऐकून मी हसले नाही.

झालं असं होतं. स्वेन्यानं पोटुशी असताना, कोणाला न सांगता, संगणकावरून पुण्याच्या एका बाईंकडे मराठीची शिकवणी लावली होती. सासू यायची होती ना! पहिल्या रात्री जेवणाच्या टेबलाशी ती उभी राहिली, पोटावर हात ठेवून, आणि म्हणाली, "आई, तुमचं आपल्या घरी स्वागत आहे. तुमचा प्रवास कसा झाला?" मायलेकरांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघं जी हसत सुटली! "अरे प्रणू, ही तर पुण्याची मामी आली!" गंगाक्का म्हणाल्या. हसणं दुष्टपणाचं नव्हतं, ते मी शपथेवर सांगते. मलाही असंच हसल्या होत्या. पण स्वेन्याला काय ठाऊक की तिचं बरोबरच होतं? जगातल्या दुसऱ्या कुठल्याही मराठी घरात त्या पोरीला सासूनं मिठी मारली असती. ती आपली दोघांबरोबर हसली, शिकवणीचं पुस्तक कपाटावर ठेवलं, आणि पुन्हा खाली काढलं नाही.

पुढे तीन महिने सवयीप्रमाणे सगळं चाललं. मायलेकरं मराठीत, स्वेन्या मधे बसून हसतेय. गंगाक्का निघायच्या आदल्या दिवशी तिनं नवऱ्याला सरळ सांगितलं, की माझ्या मुलीसमोर मला न कळणारी भाषा बोलायची नाही. प्रणवेश मनातून खजील होताच. कबूल झाला. नातीचं नाव अंबा ठेवलं, दोन्हीकडे म्हणायला सोपं म्हणून. पण घरात बोलायचं ते जर्मनच.

"अम्मा, थोडं जर्मन शिक," प्रणवेश फोनवर म्हणायचा. "अंबा बोलूलागली."

"मजला कशाला? तू आहेस की मधे. मी बोलते, तू सांग तिजला."

आणि खरंच तसं चालायचं. दर रविवारी संध्याकाळी फोनच्या पडद्यावर इकडे गंगाक्का, तिकडे मांडीवर पोर, आणि मधे प्रणवेश. आजीचं मराठी पोरीला जर्मनमधून, पोरीचं बोबडं जर्मन आजीला मराठीतून. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लाईनी जोडून दिल्या, आता मुलगा माझी जोडतो, याचं त्यांना केवढं कौतुक! मी एकदा म्हटलं, "अक्का, दोन शब्द तरी शिका." तर म्हणाल्या, "तुजला नसता घोर."

एका सकाळी नदीकाठानं धावताना प्रणवेश खाली पडला आणि उठला नाही. हृदय. चाळिशी नुकती ओलांडली होती. काय लिहू त्यावर? मला आजही देवाचा राग येतो.

गंगाक्का आणि माझे यजमान तिकडे गेले. स्वेन्याशी इंग्रजीतून कामापुरतं बोलणं झालं. दवाखाना, दाखले, अस्थी, एवढ्याला इंग्रजी पुरतं. दोघी एकमेकींसमोर बसून रडल्या नाहीत, कारण इंग्रजीत रडायची दोघींनाही सवय नव्हती. अंबा तेव्हा तीन वर्षांची. एका दुपारी स्वेन्या कागदपत्रांसाठी बाहेर गेली असताना पोर आली आणि गंगाक्कांच्या साडीचा पदर ओढून काहीतरी विचारू लागली. तेच तेच पुन्हा. यांनी बिस्किट दिलं, तिनं मान हलवली. पाणी दिलं, मांडीवर घेतलं, पोर उतरून पुन्हा तेच विचारते. शेवटी रडत आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

शब्द कळले नाहीत, पण ट्रंक ऑपरेटरचा कान तो. नाद जसाच्या तसा लक्षात राहिला. तंजावरला परतल्यावर गंगाक्का मला घेऊन मेडिकल कॉलेज रस्त्यावरच्या एका शिकवणीत गेल्या. जर्मनीला नोकरीला जाणाऱ्या नर्सांना तिथे वासुकी नावाची बाई जर्मन शिकवते. गंगाक्का तिच्यासमोर उभ्या राहिल्या आणि पोरीचं ते वाक्य पोपटासारखं म्हणून दाखवलं. वासुकीनं वही मिटली. मग तमिळमधून म्हणाली, "तुम्ही पप्पाला घेऊन आलात का, असं विचारतेय."

गंगाक्कांनी त्याच दिवशी नाव घातलं.

घरी येताना रिक्षात माझी जीभ वळवळलीच. मी म्हटलं, "अक्का, बैल गेला आणि झोपा केला."

त्या रागावल्या नाहीत. "असूं दे," म्हणाल्या. "वासरू आहे की अजून."



मग तो अभ्यास सुरू झाला. पापनाशम, कुंभकोणमकडच्या विशीतल्या मुली, आणि पहिल्या बाकावर सत्तरीला टेकलेल्या गंगाक्का. मुली त्यांना 'पाटी' म्हणायच्या, म्हणजे आजी. कान तल्लख होता, उच्चार पोरींपेक्षा चोख. पण डोक्यात काही टिकेना. सकाळी पाठ केलेलं दुपारच्या कॉफीपर्यंत उडून जाई. त्या टंबलरमधली कॉफी डवऱ्यात, म्हणजे खालच्या पसरट वाटीत, ओतायच्या आणि वर-खाली करत क्रियापदं घोकायच्या, कॉफी पार थंड होईपर्यंत. पहिल्या परीक्षेत नापास झाल्या, दुसऱ्या खेपेला काठावर पास. बरोबरच्या मुली एकेक करत जर्मनीला गेल्या, जाताना पाया पडून गेल्या. या आपल्या पुन्हा नव्या मुलींबरोबर पहिल्या बाकावर.

तिकडे दिवस थांबले नव्हते. स्वेन्यानं दुसरा संसार मांडला. तिची काय चूक? तरुण पोर, पदरात मूल. पण रविवारचा फोन आधी महिन्याचा झाला, मग सणावारी. पोर पडद्यावर यायची, हात हलवायची, आजीच्या तोंडून निघालेली दोन अडखळती वाक्यं ऐकायची आणि पळायची. ती उलट जे बोले ते इतकं भरभर, की गंगाक्कांच्या हाती एखादा शब्द लागला तर लागला. "फोन ठेवला की मग अर्थ लागतो मजला," म्हणायच्या. "तोवर ती गेलेली."

मला कळत होतं त्यांना काय हवंय. पोरीला बाप आठवत नव्हता. बापाच्या लहानपणाबद्दल सांगणारं तिच्या भाषेत तिकडे कोणी नव्हतं, सांगणारी ही एकटी इकडे. तिचं तीन वर्षांपूर्वीचं विचारणं अनुत्तरित राहिलं होतं, त्याचं काही तरी देणं द्यायचं होतं. गंगाक्कांनी एक गोष्ट निवडली. प्रणवेश सहा वर्षांचा असताना पापनाशमला आजोळी गेला होता. कापणी झालेल्या भातशेतांत बदकांचे कळप चरायला आणतात आमच्याकडे, त्या बदकांच्या मागे तो चालत सुटला. गावं ओलांडली. सगळे कालव्यात शोधताहेत, बायका ऊर बडवताहेत, आणि हा तिसऱ्याच गावी बदकांच्या घोळक्यात गाढ झोपलेला. अंबालाही आता सहाच वर्षं पूर्ण होत होती.

ती गोष्ट त्यांनी वासुकीकडून जर्मनमध्ये बसवून घेतली. आठवडेच्या आठवडे घोकली. मला जर्मनचं ओ का ठो कळत नाही, पण बदकं कुठे येतात ते मला आवाजावरून कळायला लागलं. अंबाच्या वाढदिवसाला फोन करायचं स्वेन्यानं कबूल केलं. गंगाक्कांनी त्या दिवशी ठेवणीतलं लुगडं काढलं, मला शेजारी बसवलं आणि फोन डब्याला टेकवून उभा केला.

पोर आली. बापाचं कपाळ, बापाच्या भुवया.  गंगाक्कांनी शुभेच्छा दिल्या आणि गोष्ट सुरू केली. काय बोलल्या बाई! कुठे अडखळणं नाही, थांबणं नाही. बदकं आली, कालवा आला, रडारड आली. मी मांडीवर हात घट्ट धरून बसले होते. प्रणवेशचं नाव आलं तेव्हा त्यांचा आवाज जरा कापला, पण वाक्य त्यांनी सोडलं नाही.

गोष्ट संपायला आली असेल. अंबानं मान बाजूला वळवली आणि आईला काही विचारलं. स्वेन्या पडद्यात दिसत नव्हती, तिचा हळू आवाज आला, समजावणीचा. गंगाक्का थांबल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर एक हसू आलं, ओशाळं, गोड. समोर परकी भाषा चाललीय आणि आपल्याला त्यातलं काही कळत नाही, अशा माणसाचं ते हसू. मी ते आमच्या स्वयंपाकघरात किती पाहुण्यांच्या तोंडावर पाहिलंय. मग त्यांनी गोष्टीचं शेवटचं वाक्य म्हटलं, हात हलवला, निरोप घेतला. पडदा काळा झाला.

मला आनंद मावत नव्हता. "अक्का, एकदाही अडला नाहीत! तिनं काही विचारलंही! काय म्हणाली?"

गंगाक्कांनी फोन उचलून पालथा ठेवला.

"म्हणाली, मम्मा, ह्या बाई कोणत्या मुलाचं सांगूलागल्या? मी जाऊं का आता?"

"मग स्वेन्या?" मी विचारलं.

"स्वेन्या म्हणाली, थोडं बस. त्यांजला दुसरं कोणी नाही. मग तुजला आइस्क्रीम देते." त्यांनी पदरानं टेबलावरचा कॉफीचा डाग पुसला. "तिजला वाटलं मजला कळत नाही. माझ्यापुढेच बोलली. आम्ही बोलायचों की तिच्यापुढे, तसंच."

"अक्का," मी म्हटलं, "लहान आहे हो ती. मोठी झाली की..."

"नको वरु." त्या उठल्या. लुगड्याच्या निऱ्या नीट केल्या, जशा बाहेर जाताना करतात, पण जायचं कुठेच नव्हतं. "एवढी वर्षं एकेक शब्द हुडकत होते. आज त्या दोघी बोलल्या, एक शब्द सुटला नाही मजला."