दोन मुठी कापूस

देवरीच्या बसस्थानकामागे टेकचंदचं गादीचं दुकान आहे आणि त्याला लागून माझं कापडाचं. गादी त्याने भरायची आणि तिच्या खोळीचं कापड मी विकायचं, असा आमचा जोडधंदा. इतकी वर्षं शेजारी बसलं की माणूस कळतो म्हणतात. मला एवढंच कळलं की टेकचंद हट्टी आहे, मोजकं बोलतो आणि नको तिथे खरं बोलतो. त्या शेवटच्या खोडीचा मला अजूनही राग येतो.

त्याच्याकडे कापूस पिंजायचं जुनं यंत्र होतं. चिचगडकडची माणसं घरची जुनी गादी उसवायची, दबून दगड झालेल्या कापसाचं गाठोडं बांधायची आणि बसमध्ये घालून त्याच्याकडे आणायची. पिंजला की तो पुन्हा फुगतो आणि गादी नव्यासारखी होते. आमच्याकडे धान पिकतं, कापूस नाही, म्हणून घरचा कापूस कोणी टाकून देत नाही. आईच्या गादीतला लेकीच्या लग्नाच्या गादीत जातो. गाठोडं देताना जो तो एकच गोष्ट बजावायचा, "आमचाच आमाले देजो, भाऊ." आणि टेकचंद द्यायचा. एक गाठोडं झालं की झाकण उघडायचा, आत हात घालून अडकलेला शेवटचा पुंजका काढायचा आणि मगच दुसऱ्याला हात लावायचा. बायको पुष्पाबाई शेजारी बसून खोळी शिवायची. ती वारली, यंत्रही थकलं, तेव्हा मुलगा रोशन म्हणाला की आता कारखानाच टाकू.

रोशन काही उडाणटप्पू पोरगा नाही. इथल्या वसतिगृहांना गाद्या लागतात, त्या बाहेरून येतात, मग आपणच का देऊ नयेत, असं त्याचं म्हणणं. पण शेडमध्ये जागा एकाच यंत्राची आणि विजेची जोडणीही तेवढीच. लहान घ्यायचं की मोठं, हे ठरवायचं होतं. आम्ही तिघे नागपूरला यंत्रं पाहायला गेलो.

लहान यंत्र आमच्या जुन्यासारखंच, जरा चकचकीत. मोठं मात्र पाहण्यासारखं होतं. एका टोकाला पट्ट्यावर कापूस टाकायचा, आतले काटेरी रूळ तो विंचरणार आणि दुसऱ्या टोकाने गादीएवढा जाड थर सरळ बाहेर. रोशनचे डोळे चमकले. टेकचंद वाकून वाकून यंत्राच्या खालून पाहत होता, म्हैस विकत घ्यायला आल्यासारखा.

"इसके पेट में कितना रहता है?" त्याने विचारलं.

"पेट में?" विकणारा गोंधळला.

"माल निकल गया, फिर भी अंदर कितना रहा?"

"कुछ नहीं, चाचा. दो मुट्ठी. अगला माल डालोगे तो वो भी निकल आएगा." तो हसला. आम्हीही हसलो.

टेकचंद हसला नाही. परतताना बसमध्ये तो खिडकीबाहेर बघत बसला. साकोली आली तेव्हा रोशनचा धीर सुटला.

"बाबा, दोन मुठीसाठी कारखाना अडवून राहिले तुमी."

"दोन मुठी कोणाच्या, हे इचार ना," टेकचंद म्हणाला. "एकीच्या मायचा कापूस दुसरीच्या गादीत जाईन. अन् झाकण उघडून साफ कराले अर्धा दिस पायजे."

नंतर कितीतरी दिवस त्या घरात हाच विषय. लहान घेतलं तर वसतिगृहांचं काम निभत नाही, मोठं घेतलं तर गावातली पत जाते. टेकचंदचं जेवण सुटलं. मग एक दिवस तो माझ्या दुकानात आला आणि म्हणाला, "मोठंच घेतो, हेमेंद्र. तोड सापडली."

तोड अशी, की दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये आपला कापूस घालायचा. पहिल्याचा संपला की आपला थोडा चालवायचा, मग दुसऱ्याचा. बाहेर आला की आपला बाजूला काढायचा. "अन् मिसळलाच थोडासाक, तं आपल्या घरचा मिसळन. परक्याचा तं नाही ना." हे सांगताना त्याचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला होता. दुकानात पडलेला कापूस असेल, असं मी समजलो.

यंत्र आलं, नारळ फुटला. वसतिगृहांच्या गाद्यांची थप्पी लागली, आणि चिचगडची गाठोडीही येत राहिली. सगळं सुरळीत चाललं होतं.

फाल्गुनात शामकला आली. चिचगडची ही गोंड बाई टेकचंदचं जुनं गिऱ्हाईक. तिच्या आईने परसात कापसाची झाडं लावली होती, त्यांचा बोंडाबोंडाने जमवलेला पिवळसर कापूस एका गादीत होता. आई गेली, झाडंही गेली. आता मुलीचं लग्न ठरलं म्हणून तीच गादी उसवून तिने आणली होती. कापूस पिंजून झाला, आणि न्यायला आली तेव्हा तिने थर उलगडून पाहिला. पिवळसर कापसात पांढऱ्या रेघा होत्या.

"हा पांढरा कोणाचा होय?"

"नवा हाय, मावशी. चुकून आला," रोशन चटकन म्हणाला. त्याच्या जागी मीही हेच म्हणालो असतो. तिने कदाचित मानलंही असतं.

पण टेकचंद उठून उभा राहिला. "नवा नाही. पुष्पाचा हाय."

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. पुष्पाबाई वर्षभर ज्या गादीवर आजारी पडून होती, ती गादी उसवून हा माणूस तिचा कापूस यंत्रात घालत होता! शेवटी तिचा जीव गोंदियाच्या दवाखान्यात गेला, गादी घरीच राहिली. ज्या गादीवर माणूस मरतो ती आमच्याकडे गावाबाहेर टाकतात. पुष्पाबाई त्या गादीवर मेली नाही, म्हणून त्याने ती ठेवली होती. दुकानात दुसरा कापूस नव्हता का? होता. पण तो विकायचा कापूस, त्याला 'आपला' कसं म्हणायचं? त्याच्या लेखी आपला कापूस म्हणजे पुष्पाचा. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, दुसरं काय!

शामकलाने हातातला थर खाली ठेवला. "पुष्पाबाई भली होती," ती म्हणाली. "माह्या पोरीचं पहिलं झबलं तिनंच शिवलं. पण तिच्या दुखण्यावर माही पोरगी निजन का, भाऊ? नव्या नवरीच्या गादीत कोणी असं घालते का?"

"नवी गादी देतो मावशी, फुकट देतो," रोशन म्हणाला.

"तुही गादी कायले पायजे मले? माही माय पायजे होती."

गाठोडं तिथेच टाकून ती निघून गेली.

त्या दिवसापासून टेकचंद ते गाठोडं उघडून बसला. यंत्र रोशन चालवायचा, आणि हा दारात बसून पिवळसर पुंजके पांढऱ्यापासून वेगळे काढायचा. विंचरलेला कापूस असा निवडता येतो का? मी ओरडलो, रोशन रडला, सून रीना ताट वाढून थकली. उन्हाला डोळे बारीक करून तो निवडत राहिला. लग्नाच्या आदल्या आठवड्यात शामकला आली तेव्हा एका उशीपुरता स्वच्छ पिवळसर कापूस निघाला होता. तिने तो उन्हात धरून पाहिला, नाकाशी नेला आणि पदरात बांधला.

"हे नेतो मी. बाकीचं तुह्यापाशी राहू दे." मग तिने विचारलं, "माह्या आंधी कोणाकोणाचं पिंजलं या यंत्रात?"

टेकचंद खाली बघून नावं सांगू लागला. हिरालालच्या घरचं. जागेश्वरच्या सुनेचं बाळंतपणाचं. चैतरामच्या म्हाताऱ्या मायचं. सगळी तोंडपाठ होती त्याला.

"मले सांगा लागन त्याईले," शामकला म्हणाली. "मी चूप नाही राहाची."

"तू नोको सांगू. मी येतो संगं."

मी उठून त्याचा हात धरला. म्हटलं, अरे, कोणाला माहीत नाही, कोणाचं काही बिघडलं नाही, कशाला हात दाखवून अवलक्षण? "त्याईले इचारलं असतं तं त्याईनं हा कापूस घालू देला असता का, हेमेंद्र?" तो म्हणाला, आणि तिच्या मागोमाग चिचगडच्या बसमध्ये चढला.

शेवटच्या बसने तो परत आला. रोशन अजून यंत्रावरच होता, वसतिगृहाचा माल भरायचा होता. टेकचंद माझ्या दुकानाच्या पायरीवर बसला. चप्पल काढली, पाय धुळीने माखलेले.

"काय म्हणाले लोक?" मी विचारलं. "भांडले?"

"भांडले असते तं बरं झालं असतं," तो म्हणाला. "सगळ्याइनं आयकून घेतलं. उन्हातून गेलो होतो, पण एकाही घरी पाणी नाही इचारलं."