ओट्याच्या उंचीचे टायर

माझ्या हातून गुन्हे फारसे झालेले नाहीत. झाले ते बहुतेक जीपच्या आसपास झाले. त्यातला हा ताजा आहे आणि तो पूर्ण मिटलाय असंही मला म्हणता येत नाही.

पळसदरीच्या अलीकडे आमचं घर. मी खोपोलीकडच्या एका कारखान्यात कामाला, आठवड्याची सुट्टी मंगळवारी. जीप जुनी आहे. ती भाताचा पेंढा वाहते, खताच्या गोणी वाहते, आणि मंगळवारी आईला तिच्या धाकट्या बहिणीकडे घेऊन जाते. मावशी कर्जतच्या पलीकडे, कोंडाण्याच्या वरच्या अंगाला राहते. डांबरी संपल्यावर ओढा लागतो, ओढ्यात डोक्याएवढे गोटे आणि पलीकडे खडा चढ. तिथं जीपशिवाय चाकाचं काही चढत नाही. खुब्याचं हाड मोडल्यापासून मावशी घर सोडत नाही, त्यामुळे भेट व्हायची तर आईनंच जायचं.

भेट म्हणजे झब्बू. दोघी ओट्यावर समोरासमोर बसतात आणि पत्ते वाटतात. शेवटी जिच्या हातात पानं उरतात ती झब्बू. मग पुढच्या मंगळवारपर्यंत दुसरी तिला त्याच नावानं हाक मारते, फोनवरसुद्धा. आई पदरात पानं लपवते. मला माहीत आहे. मी बोलत नाही, कारण तिच्याकडेही माझं बरंच काही लपवलेलं आहे.

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आईचा एक हट्ट आहे. जीपमध्ये ती स्वतः चढणार. वरची दांडी धरायची, डावा पाय पायरीवर ठेवायचा, "चल गं बाय" असं स्वतःलाच म्हणायचं आणि आत. कुणी हात पुढे केला तर त्या हातावर चापट. दवाखान्यात तिला महिनाभर माणसांनी उचललं, बसवलं, निजवलं. "आता मला उचलतील ते एकदाच, चौघं मिळून," असं तिनं जाहीर केलेलं आहे.

हे सगळं ठाऊक असताना मी जीपला मोठे टायर घातले.

झालं असं की गेल्या पावसाळ्यात मी धरणाकडे जीप घेऊन गेलो होतो. तिथं शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्या येतात. त्यातली एक माझ्या शेजारी येऊन थांबली. तिचे टायर माझ्या कमरेच्या वर. तिच्याशेजारी माझी जीप अशी दिसत होती, जणू कुणीतरी सामान काढताना तिच्याच डिकीतून काढून बाजूला ठेवलेली. त्या दिवसापासून मला नीट झोप लागेना.

चौक गावात हायवेच्या कडेला टायरवाला आहे. तो मला म्हणाला, "गाडी कुठं चालवता, साहेब?"

"ओढ्यातून जावं लागतं," मी म्हणालो. "दर मंगळवारी. आईला घेऊन."

त्याचा चेहरा एकदम मऊ झाला. "आईसाठी? मग तेहेतीस इंचीच टाका."

आईसाठी हा शब्द मी स्वतः वापरला नव्हता, त्यानं वापरला. मी फक्त मान हलवली.

माझे जुने टायर एकोणतीस इंची होते. आता तेहेतीस इंचीला आतलं रिम केवढं घ्यायचं, हा प्रश्न आला. बाहेरचा आकार तोच असला तर रिम जेवढं मोठं, तेवढं मधलं रबर कमी. त्यानं दोन्ही समोर ठेवली. पंधराच्या रिमवर रबर चांगलं जाडजूड, गोट्यांवर दबणारं. अठराच्या रिमवर रबराची नुसती किनार, पण रिम असं चमकत होतं की मला त्यात माझी मिशी दिसली.

"ओढ्याला पंधराच बरं," तो म्हणाला. "पण..."

"पण काय?"

"फोटोत रिम दिसत नाय, साहेब. नुसतं काळं काळं दिसतं."

तोपर्यंत माझ्या मनात फोटो नव्हता. नंतर दुसरं काही राहिलं नाही. मी अठराचं घेतलं. एवढा टायर वळताना मडगार्डला घासतो, म्हणून स्प्रिंगांशी ठोकळे बसवून गाडी आणखी दोन इंच उचलली. जुन्या टायरांतला एक स्टेपनी म्हणून मागे तसाच ठेवला. दाखवायला चारच लागतात.

घरी पोचलो तेव्हा बायको अंगणात उभी होती. ती ब्लाउज शिवते, मापाची टेप कायम गळ्यात.

"अहो, ही ट्रॅक्टरची चाकं का आणलीत?"

"जुने झिजले होते."

"झिजले होते, की लहान वाटत होते?"

मी बॉनेट पुसायला घेतलं.

"आईंना चढता येईल का? किती उंच झाली?"

"टायर चार इंच मोठा, म्हणजे गाडी दोनच इंच वर जाते," मी म्हणालो. "निम्मी वाढ आसाच्या खाली, निम्मी वर."

हे शंभर टक्के खरं होतं. ठोकळ्यांबद्दल तिनं विचारलं नाही.

तिचा आणखी एक नियम आहे: आई गाडीत असताना काटा चाळीसच्या पुढे न्यायचा नाही. मोठा टायर एका फेऱ्यात जास्त अंतर कापतो आणि काट्याला ते कळत नाही. काटा चाळीस दाखवतो तेव्हा जीप पंचेचाळीसच्या वर असते. किलोमीटरही कमी पडतात. दोन दिवसांनी आम्ही चौकला दोरे आणायला गेलो तेव्हा ती आकडा बघून म्हणाली, "टायर बदलल्यापासून चौक जवळ आलं, नाही?" मी म्हणालो, रस्ता सुधारलाय.

मग मंगळवार आला.

आई नऊवारीचा काष्टा आवळून, पिशवीत पत्ते आणि चकल्यांचा डबा घेऊन जीपशी आली. दांडीला हात पोचला तो बोटांच्या टोकांनी. पाय पायरीपर्यंत गेलाच नाही. "चल गं बाय," ती म्हणाली. पुन्हा म्हणाली. बाय काही चालली नाही.

"मी हात देतो," मी म्हणालो.

"लांब हो."

"आई, पाट आणू का?" बायकोनं विचारलं.

"पाटावर लग्नात उभी राह्यले, तेवढं पुरं झालं." मग माझ्याकडे वळून, "जुनी चाकं घाल."

"जुने चौकलाच दिले."

ती काही क्षण नव्या रिमकडे बघत राहिली. त्यात तिलाही तिचा चेहरा दिसत असणार. "मागल्या खेपेला तिनं मला झब्बू केलंय," ती म्हणाली. "आठ दिस ऐकतेय, 'काय गं झब्बू, जेवलीस का?' आज गेले नाय तर अजून आठ दिस. आनि ती तिकडं वाट बघत ओट्यावर बसली असंल ती येगळीच."

तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजला. गावातल्या कोंबड्यांचा टेंपो कर्जतच्या बाजूला निघाला होता. माझ्याच वर्गातला एक जण तो चालवतो. आईनं पिशवी उंचावली आणि माझ्यासमोर, माझ्या तेहेतीस इंची टायरांसमोर, ती त्या टेंपोत बसली. एका पायरीत. दांडीसुद्धा धरली नाही.

"काकी, वास मारंल हां!"

"मारू दे. बसाया तरी येतंय."

मी मागून जीप घेऊन निघालो. घाटातली सगळी वळणं टेंपोच्या मागे. समोर जाळीतून शंभर कोंबड्या माझ्याकडे बघत होत्या आणि पिसं उडून माझ्या बॉनेटवर बसत होती. कर्जतच्या चौकात टेंपोवाल्यानं खिडकीतून हात काढून मला मागेच राहायची खूण केली. ती त्यानं उगाच केली. रस्ता मोकळा होता.

ओढ्याशी टेंपो थांबला. पुढे त्याचं काम नव्हतं. आई उतरली, त्याला दोन चकल्या दिल्या आणि काठावरच्या एका मोठ्या सपाट दगडावर जाऊन उभी राहिली. टेंपो परतला. मी खाली उतरून हात जोडणार होतो. माफी मागायची मला सवय आहे, शब्द तयार असतात.

"उतरू नको," ती म्हणाली. "गाडी इकडं आण."

मी जवळ नेली.

"अजून. अजून रं! डोळे फुटले का, दगडाला लाव."

जीपची कड दगडाला टेकली. आई दगडावरून सरळ आत आली, स्वयंपाकघरातून माजघरात यावी तशी. "चल गं बाय" म्हणायचीही गरज पडली नाही. बसल्यावर पदर सावरून म्हणाली, "तुझी गाडी उंच नाय. आपलं आंगन खाली हाय."

मी पहिला गियर टाकला. पूर्वी या ओढ्यात टायर गोटे गिळत जायचे. आता टायरला गिळायला रबरच नव्हतं. प्रत्येक दगड थेट कण्यात येत होता. मध्यावर टण्णकन आवाज झाला आणि मग बराच वेळ फुसफुस. आईनं दोन्ही हातांनी जबडा धरला होता. नवी कवळी होती.

मावशीच्या अंगणात पोचेपर्यंत डाव्या पुढच्या चाकाचं रिम वाकून हवा संपलेली होती. जीप त्या कोपऱ्यात गुडघ्यावर बसली. मावशीचा ओटा आमच्यापेक्षा चार बोटं बुटका आहे. आईनं खाली बघितलं, पाय टाकला आणि ओट्यावर उतरली.

"आता कशी बरोबर आली," ती म्हणाली.

आतून मावशीचा आवाज आला, "कोन गं? झब्बू आली का?"

त्या दिवशी आई जिंकली. कशी जिंकली ते मी पाहिलं नाही, मी चाकाखाली होतो.

स्टेपनी जुन्या मापाची, त्यामुळे परत येताना जीप आईच्या बाजूला कलली होती. कर्जतमध्ये लोक आमच्याकडे मान वाकडी करून बघत होते. आई त्यांना हात करत होती.

घरी बायकोनं फक्त एवढंच विचारलं, "एक चाक रुसलंय का?" मग गळ्यातली टेप काढून ती जीपशी वाकली. दुसऱ्या बाजूनं जमिनीपासून पायरीपर्यंत मोजलं. जुनं माप तिला पाठ होतं. आई दवाखान्यातून आली तेव्हा तिनंच ते घेतलं होतं.

"चार इंच," ती म्हणाली. "दोन म्हणाला होतात."

"दोन टायरांचे."

"आणि दोन?"

मी ठोकळ्यांचं सांगितलं. चमकणाऱ्या रिमचं सांगितलं. फोटोचंही सांगितलं, जे तिनं विचारलं नव्हतं. तिनं टेप गुंडाळली.

"उद्या जाऊन होतं तसं करून आणा," ती म्हणाली.

"थांब गं," ओट्यावरून आई म्हणाली. "आपला ओटा मोज आधी."

बायकोनं ओटा मोजला. मोठ्या चाकांवरची जीप ओट्यापेक्षा दोन बोटं खाली येत होती. जुन्या चाकांवर, ठोकळ्यांशिवाय, ती आणखी चार इंच खाली राहिली असती.

"मग ती उंची तशीच राहू दे. हितं ओटा हाय, तिकडं ओटा हाय. मधे कुनाला उतरायचंय?"

"आई, असं सोडायचं का ह्यांना?"

"सोडत नाय. आतलं लोखंड बदलून आन म्हनावं. माझे दात हललेत."

म्हणून टायरची बाहेरची उंची आमच्या ओट्यानं ठरवली आणि आतलं रिम आईच्या कवळीनं: तेहेतीस, पंधरावर. टायरवाल्यानं चमकदार रिमं परत घेताना माझ्याकडे असं पाहिलं की मलाच त्याचं वाईट वाटलं. "आईंना नाय आवडली?" त्यानं विचारलं. ओट्याच्या कडेच्या झेंडूच्या कुंड्या मी हलवल्या. जीप तिथं लावायला मला तीनदा मागेपुढे करावं लागतं, आणि तेवढा वेळ आई ओट्यावर कमरेवर हात ठेवून उभी असते.

पुढच्या मंगळवारी ती ओट्यावरून आत आली. कर्जत मागे पडल्यावर रस्ता मोकळा लागला.

"काटा कुठंय?" तिनं विचारलं.

"चाळीसवर."

"तिनं चाळीसच सांगितलंय ना?"

"हो."

"मग र्‍हाऊ दे तिथंच." थोडा वेळ ती बाहेर बघत बसली. "झाडं मातुर हल्ली लवकर लवकर जातात रं."

तोच तो क्षण होता. काट्याचं सगळं सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं आणि तिच्याकडे वळलो. तिच्या कमरेशी पदराच्या घडीतून बदामची राणी अर्धी बाहेर आली होती.

"आई, पदर..."

राणी आत सारत ती म्हणाली, "तू काट्याकडं बघ."