रस्त्यापलीकडचे शेअर

वामनराव तोंडावर आपटले, तेव्हा मी शाळेत पेढे वाटले. मास्तरीणबाईने असे करू नये म्हणतात. मी केले, आणि वेळ आली तर पुन्हा करीन.

माझी थोरली जाऊ चांगुणा, आमची आक्का. मखमलाबादला फुलांची शेती. तिचे यजमान बहिरूभाऊ सातपूरला वामनरावांच्या पंपाच्या कारखान्यात होते. १९७३ साली पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये त्यांचा उजवा हात गेला. माल लवकर निघावा म्हणून यंत्रावरची संरक्षक जाळी मालकानेच काढायला लावली होती. भरपाई टाळायला वामनरावांनी सरळ सांगितले, "तो प्यायला होता." सुपारीचे खांडही तोंडात न टाकणारा माणूस! हात गेला ते भाऊंनी सोसले, हे बोलणे काही सोसले नाही. दोन वर्षांत ते गेले.

मागे राहिले ते त्याच कारखान्याचे शेअर. एका दिवाळीला बोनसऐवजी कामगारांच्या गळ्यात मारलेले. दहावा व्हायच्या आत मालकाचा माणूस ते विकत घ्यायला दारात हजर. लेकीच्या, मैनेच्या लग्नासाठी घरात दुसरे काही नव्हते, तरी आक्काने त्याला उंबऱ्यावरूनच परतवले.

"हे कागूद हायेत तवर तो मला फाटकात आडवू शकत नाय," ती म्हणाली.

ते खरेच होते. दरवर्षी कारखान्याच्या कँटीनमध्ये भागधारकांची सभा भरे. चहा आणि चिवड्याचा पुडा मिळे. आक्का पहिल्या रांगेत बसे आणि उठून एकच विचारी, "माझा धनी प्यायला व्हता, हे तुमी डोळ्यांनी पाह्यलं का?"

वामनराव कागदातून मान वर न काढता म्हणत, "पुढचा विषय."

आक्का निमूट बाहेर येई आणि तो चिवडा फाटकाजवळच्या कुत्र्याला घाली. त्या माणसाच्या घरचा एक दाणा तिने कधी तोंडात घातला नाही.

पुढे कारखान्याची घडी विस्कटली. संप झाले, शेअरचा भाव पडू लागला. मी तिच्याशी भांडले. सूड ठीक आहे, पण मैनेने काय करायचे? तिला ओढतच मेनरोडला कारभारींकडे नेले. ते शेअरची कामे बघत. तेही विका म्हणाले. बोलता बोलता म्हणाले, "वामनरावांची गिऱ्हाइकं आता रस्त्यापलीकडच्या कारखान्यात चाललीत."

आक्का सावरून बसली. तिने सगळ्या रानात झेंडू कधीच लावला नव्हता. एक पट्टा शेवंतीचा असायचाच. एकाचा भाव पडला तर दुसरा हात देतो.

"मंग वर्साला जो लाभांश येतो, त्यातून त्या पलीकडल्याचं घ्या," ती म्हणाली. "थोडं ह्या माझ्या जावंच्या नावानं बी घ्या. ह्या जुन्यातला मातर एक बी इकायचा नाय."

तसेच होत गेले. वामनराव जसजसे खाली गेले, तसतसे पलीकडचे वर चढले. त्यांचे गिऱ्हाईक तुटले की आमच्या घरात भर पडे. यातला आनंद मी लपवणार नाही. मैनेचे लग्नही पलीकडचे शेअर बँकेत तारण ठेवून झाले. विकले काहीच नाही.

१९८५ साली वामनरावांचा कारखाना पलीकडच्यांनी विकत घेतला. सौद्यात वामनरावांना संचालकाची खुर्ची कबूल झाली होती, फक्त सभेची मान्यता बाकी होती. जुन्या शेअरवर तिथल्या सभेत येता येत नाही, म्हणजे त्या बाईपासून एकदाचे सुटलो, असेच त्यांना वाटले असणार.

पलीकडच्यांच्या सभेत ते व्यासपीठावर बसले आणि समोर पाहिले. पहिल्या रांगेत आक्का, शेजारी मी. पाण्याच्या पेल्याकडे गेलेला त्यांचा हात तिथेच थांबला. माझ्या जिवाला असा गारवा वाटला म्हणून सांगू!

आक्का उठली. तोच प्रश्न.

"पुढचा विषय," वामनराव पुटपुटले. पण अध्यक्षाची खुर्ची आता त्यांची नव्हती.

"थांबा," नवे अध्यक्ष म्हणाले. "बाईंना उत्तर द्या."

आता इथे कामाला लागलेले त्यांचे जुने कामगारही सभेत बसले होते. सगळे त्यांच्याकडेच बघत होते.

"नाही," वामनराव म्हणाले. "पाहिलं नव्हतं."

"मंग म्हनलात कशापायी?"

वामनरावांनी कागदात मान घातली. अध्यक्षांनी त्यांच्या नेमणुकीसाठी हात वर करा म्हटल्यावर हात वर झाले चार-पाच. वामनराव चहाला थांबले नाहीत.

आम्ही फाटकाबाहेर आलो. रस्ता ओलांडून तेच म्हातारे कुत्रे शेपूट हलवत आले. आक्काने या नव्या सभेत मिळालेला पुडा सोडला, त्याच्यापुढे मूठभर टाकला आणि उरलेला चिवडा तिथेच उभ्या उभ्या स्वतः खाल्ला.